मोत्याचा प्रकल्प अहवाल

'प्रकल्पाचा कालावधी संपल्यानंतर लाभार्थी स्वावलंबी कसे होतील, ते ३०० शब्दांत लिहा.'

अर्जातल्या या एका रकान्यावर आमच्या कार्यकारिणीची अख्खी सभा खर्ची पडली. लाभार्थी म्हणजे मोत्या, काळी, बंड्या, लंगडी राणी आणि बसस्टँडामागचा त्यांचा सगळा गोतावळा. आमचे अध्यक्ष अप्पा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे सरकारी रकाना रिकामा दिसला की त्यांच्या हाताला खाज सुटते.

"लिहा, लाभार्थ्यांना कौशल्य प्रशिक्षण देण्यात येईल."

"कसलं कौशल्य, अप्पा?" सचिव असलेल्या ताईंनी विचारलं.

"राखणदारीचं."

"राणी तर चोर आला की त्याच्यापुढे पोट वर करून लोळते."

"मग आदरातिथ्य लिहा. हॉटेल लाइनला सध्या मागणी आहे."

डॉक्टर म्हणाले, "खरं सांगू का, कुत्रा मुळात स्वावलंबीच असतो. आपण खायला घालून त्याला..." इतक्यात ताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि डॉक्टरांना उरलेलं वाक्य चहाबरोबर गिळावं लागलं. शेवटी ते ३०० शब्द माझ्याच गळ्यात आले. शाश्वत, सक्षमीकरण, लोकसहभाग आणि सर्वसमावेशक या चार शब्दांना मी आळीपाळीने कामाला जुंपलं. त्या मजकुरात कुत्रा कुठेच नव्हता, म्हणून तो एकमताने मंजूर झाला.

मी या संस्थेचा खजिनदार. मला कुत्र्यांची भीती वाटते. उभा जन्म बँकेत गेल्यामुळे, 'तुम्हाला हिशेबाची सवय आहे' एवढ्या एका गुणावर ताईंनी मला या पदावर बसवलं. बसवलं म्हणजे अक्षरशः. सभा त्यांच्या ओसरीवर भरते आणि मी झोपाळ्यावर दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून असतो. नव्या सभासदांना वाटतं, गृहस्थ योगाभ्यासी दिसतात. कुत्र्यांना मात्र सगळं कळतं. ओसरीवरची झाडून सगळी कुत्री इतरांना सोडून माझ्याच झोपाळ्याखाली येऊन बसतात आणि 'वंदे मातरम्' होईपर्यंत मला खाली उतरता येत नाही. त्यामुळे माझी उपस्थिती शंभर टक्के भरते.

संस्था नोंदवायला १८६० च्या कायद्याप्रमाणे सात माणसं लागतात. सात कुत्री आमच्याकडे केव्हाची होती. माणसं गोळा करताना नाकी नऊ आले. सातवे म्हणून कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले मिळाले. त्यांनी कुठे सही करायची तेवढंच विचारलं आणि आजतागायत सर्वांत निरुपद्रवी सभासद तेच आहेत. पुढे धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, पॅन, १२ए, ८०जी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक आणि कंपन्यांचा पैसा हवा तर सीएसआर-१. यातल्या प्रत्येक कागदाला त्याच्या आधीचा कागद जन्मदाता म्हणून लागतो. मोत्याचा बाप कोण, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. नशीब!

जनावरांसाठी आपल्याकडे काहीच नाही, असं मुळीच नाही. थोर नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या. त्यांनी खासगी विधेयक आणून हा विषय लावून धरला, त्यातून १९६० चा कायदा झाला आणि १९६२ साली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ उभं राहिलं. मंडळ आधी चेन्नईला होतं, आता हरियाणात बल्लभगडला आहे. फक्त एक झालं. मुक्या प्राण्याला मारझोड करणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त ५० रुपये दंड, असं १९६० साली लिहिलं गेलं आणि पुस्तकात आजही तोच आकडा आहे. देशात सगळ्याची भाववाढ झाली, लाथेची झाली नाही. आमच्या एका अर्जाच्या झेरॉक्सचं बिल याच्या कितीतरी पट होतं. थोडक्यात, कुत्र्याला लाथ मारणं परवडतं. लाथ खाल्लेल्या कुत्र्याला मलम लावायला पैसे मागणं परवडत नाही.

मंडळाच्या सुधारित योजनेत निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रियेसाठी कुत्र्यामागे ८०० आणि मांजरामागे ६०० रुपये आहेत, हे मी सभेत वाचून दाखवलं. संस्थेत मांजरगटाच्या एकच काकू आहेत. त्या ताडकन उठल्या. "दोनशे रुपये कमी? का म्हणून? आमच्यांना भूल कमी लागते, की दुखतं कमी?" डॉक्टर वजन, औषधाची मात्रा वगैरे समजावू लागले. काकूंनी निषेध इतिवृत्तात नोंदवायला लावला. पैसे अजून ना कुत्र्याचे आले होते ना मांजराचे; पण फूट पडायला पैसे यावेच लागतात असं नाही.

गावातल्या गोरक्षण संस्थेचे खजिनदार आमचे जुने स्नेही. राज्य सरकारने २०२४ साली गोशाळेतल्या देशी गायीला दिवसाला ५० रुपये जाहीर केले तेव्हा ताईंच्या शेजारणीने सल्ला दिला होता, "कुत्र्यांचा नाद सोडा, गायी घ्या." मी स्नेह्यांना गाठून विचारलं तर ते खिन्नपणे म्हणाले, "कानात बिल्ला असेल तरच गाय. आमची कपिला झुंजीत बिल्ला तोडून आली. गोठ्यात उभी आहे, चारा खातेय, पण कागदावर नाही." आम्ही दोघांनी मिळून एकेक चहा घेतला.

पूर्वी असं नव्हतं. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली. दोनच वर्षांत सर जमशेटजी जीजीभाई आणि इतर शेठ मंडळींनी मुंबईत पांजरपोळ काढली. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी कापूस, अफू अशा मालावर लागा बसवून घेतला. अफूच्या पेटीमागे इतके पैसे जनावरांना, विषय संपला! लाभार्थी स्वावलंबी कसे होतील, हे शेठजींनी एकाही बैलाला विचारल्याचं ऐकिवात नाही.

आता अफू गेली आणि सीएसआर आलं. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चावे लागतात. कशाकशावर, त्याची यादी कायद्याला जोडलेली आहे. त्यात 'प्राणीकल्याण' आहे, मी स्वतः वाचलंय. झाडं, माती, हवा, पाणी आणि गंगा स्वच्छता निधी यांच्याच पंक्तीला, एकाच कलमात त्याला पाट मांडलाय. पंक्तीत बसलो म्हणजे वाढप आपल्यापर्यंत येईल, असा भाबडा समज करून घेऊन आम्ही एका कंपनीला पत्र टाकलं. खरोखरच तिथून एक मॅडम आल्या. सोबत फोटोवाला आणि कंपनीचं नाव छापलेले दहा-बारा रुमाल. कुत्र्यांच्या गळ्यात बांधायला.

"तुमचा इम्पॅक्ट काय?" मॅडमनी विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं, "एक कुत्री वर्षातून दोनदा विते. ऑपरेशन झालं की ती पिल्लं जन्मालाच येत नाहीत. न जन्मलेली पिल्लं, हाच इम्पॅक्ट."

मॅडमनी ते लिहून घेतलं. "त्यांचे फोटो मिळतील का?"

डॉक्टर बराच वेळ गप्प होते. तेवढ्यात बंड्याने रुमाल सोडवून घेतला होता आणि कंपनीच्या नावातली शेवटची दोन अक्षरं त्याच्या पोटात गेली होती. मॅडम हसल्या, पण मनापासून नाही. मग त्यांनी अंदाजपत्रक चाळलं. मागणी साधीच होती: कुत्री पकडणाऱ्या पोराचा पगार, लाइटबिल, शेडचं भाडं, रेबीजची लस.

"पगार आम्हाला देता येत नाही. तो दर महिन्याला लागतो."

"हो, पोरगं दर महिन्याला जेवतं," ताई म्हणाल्या.

"असं काही नाहीये का, की जे एकदाच होतं, दिसतं आणि ज्याच्यावर बोर्ड लावता येतो?"

अप्पांनी आशेने कंपाउंड वॉलचा विषय काढला. तीन पिढ्या टिकेल अशा भिंतीचं संकल्पचित्र त्यांनी नोकरीपासून डोक्यात बाळगलेलं आहे. मॅडम विचार करते म्हणाल्या आणि जाता जाता सहज बोलावं तसं म्हणाल्या, "गेल्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब मात्र लागतील हं."

"संस्था नवीन आहे," मी झोपाळ्यावरून म्हणालो.

"मग तीन वर्षं काम करा आणि मग या."

"पैशाशिवाय?"

"सगळे करतातच की!"

त्या वर्षी त्यांचा निधी वृक्षारोपणाला गेला. त्यांची काही चूक नाही. झाड चावत नाही, रुमाल खात नाही आणि फोटो काढेपर्यंत जागचं हलत नाही. नंतर ते जगलं की नाही, हे बघायला सहसा कोणी जात नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

इकडे काम अडून राहिलं नव्हतं. ताईंच्या पेन्शनवर, डॉक्टरांच्या फुकट हातांवर आणि पालिकेने कशाबशा मंजूर केलेल्या थोड्या रकमेवर ऑपरेशनं चालू होती. आता इथे एक नाजूक बाब सांगायला हवी. जेवत असाल तर हा परिच्छेद नंतर वाचा. कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे नियम आधी २००१ साली आले, नवे २०२३ साली. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाचा एक त्रिकोणी तुकडा कापतात. पण बिल निघायला कान पुरत नाही. काढलेले अवयव फॉर्मेलिनमध्ये जपून ठेवायचे आणि ते मोजले जायला हवेत. पावतीच म्हणा ना!

तर मोजणीच्या दिवशी पालिकेचे एक कारकून आले. भर दुपार, पत्र्याची शेड, झाकण उघडल्याबरोबर सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, कोणीतरी गेलं. डॉक्टर चिमट्याने एकेक नग ट्रेमध्ये ठेवत होते, कारकून तोंडाला रुमाल लावून मोजत होते आणि मी साक्षीदार म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. गर्भाशयांचा हिशेब चोख जुळला. मग नरांची बरणी आली.

"पंचेचाळीस," कारकून म्हणाले. "रजिस्टरला नर किती?"

"तेवीस."

"म्हणजे सेहेचाळीस पाहिजेत. एक शॉर्ट आहे."

शेडमध्ये शांतता पसरली. रोख एक रुपयाने कमी भरली म्हणून रात्री उशिरापर्यंत कॅश मोजत बसण्याचे प्रसंग माझ्यावर अनेकदा आले आहेत. पण तिथे निदान कोणाला तरी खिशातला रुपया घालून सुटका करून घेता येत असे.

"अर्ध्या कुत्र्याचं बिल कापू का?" कारकुनांनी सद्भावनेने विचारलं.

डॉक्टरांनी रजिस्टर मागे उलटलं आणि त्यांना आठवलं. एका कुत्र्याचं एक अंडं खाली उतरलंच नव्हतं. पोट उघडून काढलं होतं. तसलं बारीक असतं. पुन्हा बरणी उपसली, ट्रे उलटासुलटा केला. शेवटी झाकणाच्या आतल्या कडेला वाटाण्याएवढं काहीतरी चिकटलेलं ताईंना दिसलं.

कारकून वाकून बघत म्हणाले, "हे एवढंसं? हे पूर्ण धरायचं?"

आता अप्पा पुढे झाले. आयुष्यभराच्या मेजरमेंट बुकांचं पुण्य त्या क्षणी फळाला आलं. "साहेब, नियमात संख्या दिलीय. संख्या म्हणजे नग. नगाला लांबी-रुंदी नसते. घनफुटात मागितलं असतं तर गोष्ट वेगळी."

कारकुनांनी 'एकूण ४६ नग' असं लिहून सही केली. मी डोळे मिटून खाली सही केली.

लोकांबद्दल काय सांगावं? लोक चांगले आहेत. पितृपक्षात आणि वाढदिवसाला दारात इतकं अन्न येतं की कुत्र्यांनाही अपचन होतं. मार्च महिन्यात मात्र कोणाचे पितर आठवत नाहीत. एक सद्गृहस्थ सढळ हाताने रोख द्यायला आले. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी ती रक्कम स्वतः, पत्नी, मुलगा आणि सून अशी वाटून पावत्या फाडायला सांगितल्या. सूनबाई प्रेमळ असाव्यात. त्यांनी संध्याकाळी फोन करून विचारलं, "मी नेमकं कशाला दिलंय?"

आणि सोडायच्या दिवशीचा तंटा तर ठरलेला. नियमाने कुत्रा जिथून उचलला तिथेच नेऊन सोडावा लागतो. समोरच्या सोसायटीचे काका गाडीला आडवे झाले.

"ऑपरेशन करा, लस टोचा, हवं तर माझ्याकडून शंभर रुपये घ्या. पण परत इथे आणू नका."

"काका, आम्ही याला तुमच्याच गेटवरून उचललंय. कागदावर तसं लिहिलंय."

"मग कागदावर शेजारच्या सोसायटीचं गेट लिहा ना! ते लोक प्राणिप्रेमी आहेत."

मोत्या गाडीतून उतरला आणि काकांच्याच स्कूटरच्या सावलीत जाऊन झोपला.

मध्यंतरी दिल्लीच्या मोकाट कुत्र्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजत होतं. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयाने म्हटलं, की जे श्वानप्रेमी आणि ज्या संस्था या प्रकरणात न्यायालयात आल्या आहेत त्यांनी अनुक्रमे २५ हजार आणि २ लाख रुपये जमा करावेत, म्हणजे त्यांचं म्हणणं ऐकलं जाईल. पैसा कुत्र्यांच्याच सोयीसाठी वापरला जाईल. ताईंनी पेपर खाली ठेवला. "आपली बाजू कोणी मांडायची?" मी पासबुक काढलं. शिल्लक ११,४०० रुपये. संस्था म्हणून तर सोडाच, एकटा खजिनदार वैयक्तिक गेला तरी निम्मी बाजूसुद्धा मांडता येत नव्हती. आपल्याला बाजूच नाही, असा ठराव अप्पांनी मांडला, मी अनुमोदन दिलं. काकूंनी मांजरांची बाजू वेगळी असल्याचं नोंदवून घेतलं.

आणि मग एके दिवशी एका देणगीदार संस्थेचं पत्र आलं. मंजूर! आम्ही मागितला होता पोराचा पगार, लाइटबिल आणि लस. मंजूर झाली रुग्णवाहिका. कोरी करकरीत, पांढरीशुभ्र, दोन्ही बाजूंना देणगीदारांचं नाव आणि खाली, जागा उरली होती तिथे, कुत्र्याचं चित्र. पत्रात शेवटी बारीक अक्षरांत: 'चालक, इंधन, विमा व देखभाल यांचा खर्च समाविष्ट नाही.' उद्घाटनाला नारळ फुटला, खोबरं बंड्याने पळवलं, टाळ्या झाल्या. गाडी ताईंच्या भाच्याने पाहुण्यांसाठी चौकापर्यंत नेऊन आणली. मग भाचा पुण्याला गेला.

पगार थकल्यामुळे कुत्री पकडणारं पोरगंही त्याच सुमारास एका मॉलमध्ये सुरक्षारक्षक म्हणून लागलं. जाळी कोपऱ्यात पडली. काळीचा नंबर यादीत पुढचाच होता. ती यादीतच राहिली आणि व्हायचं ते झालं.

देणगीदारांचे तपासनीस आले तेव्हा गाडी ताईंच्या अंगणात उभी होती. धुतलेली, पुसलेली, बॉनेटवर झेंडूची माळ.

"लॉगबुक?"

मी दिलं.

"अहो, उद्घाटनानंतर गाडी हललेलीच नाही!"

"हलवणार कशी?" ताई म्हणाल्या. "खाली बाळंतीण आहे."

तपासनीस वाकले. गाडीखालून काळी गुरगुरली. तपासनीस सरळ झाले.

"मग गाडीचा उपयोग नक्की काय होतोय?"

"प्रसूतिगृह म्हणून," अप्पांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं. "सहा लाभार्थी. सगळे ठणठणीत. यांचे फोटोसुद्धा मिळतील."

डॉक्टरांनी मान खाली घातली. तपासनिसांनी मात्र पेन काढून लिहिलं, 'वाहनाचा वापर पूर्ण क्षमतेने सुरू आहे.' शिक्का मारला, चहा घेतला, बशीतलं बिस्कीट गाडीखाली सरकवलं आणि निघता निघता थोडे घुटमळले.

"ताई, ते पांढऱ्या पायांचं आहे ना, ते पिल्लू मिळेल का? मुलगी केव्हाची मागे लागलीय."

ताई आत गेल्या आणि फाइल घेऊन बाहेर आल्या. "अर्ज दोन प्रतींत. राहत्या जागेचा पुरावा, भाड्याने असाल तर घरमालकाचं ना-हरकत पत्र, घरातल्या सगळ्यांची लेखी संमती, पासपोर्ट साइज फोटो."

"कोणाचा, माझा?"

"दोघांचा. आणि गेल्या तीन वर्षांत कुत्रा सांभाळल्याचा अनुभव."

"पण मी तर पहिल्यांदाच पाळतोय. अनुभव कुठून आणू?"

"मग तीन वर्षं सांभाळा," अप्पा म्हणाले, "आणि मग पिल्लू न्यायला या."